उरलेल्या ५१ हजारांची गोष्ट

मार्च २०००. इंदूरच्या एका रस्त्यावर फेरीवाल्याची हातगाडी ओढून आणली, तिचंच स्टेज केलं आणि जेमतेम आठ वर्षांच्या मुलीला त्यावर उभं केलं. ती गायला लागली. शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या हृदयात जन्मापासून दोष होता आणि ऑपरेशनचा खर्च ८० हजार सांगितला गेला होता. मुलाच्या शाळेतले शिक्षक या गाणाऱ्या मुलीच्या आईवडिलांकडे आले होते, हिच्या गाण्यातून काही जमतंय का बघा म्हणून. जमले ५१ हजार. ८० हजारांना २९ हजार कमी.

बातमी वर्तमानपत्रांत आली. ती वाचून बंगळूरचे हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांनी मुलाचं ऑपरेशन मोफत करायची तयारी दाखवली. मुलाचं काम झालं. आणि गाणाऱ्या पलकच्या मुच्छल कुटुंबाच्या हातात ते ५१ हजार तसेच राहिले.

पलक मुच्छल हार्ट फाउंडेशनच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीत मला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडीवरचं गाणं फोटोत छान दिसतं, पण संस्था जन्मली ती गाण्यातून नाही, उरलेल्या पैशातून. गणेशोत्सव मंडळाच्या कुठल्याही खजिनदाराला विचारा: वर्गणी कमी पडली तर ती कुठून तरी येते, उरली तर मात्र बैठका होतात, आवाज चढतात, आणि पुढच्या वर्षी निम्मे कार्यकर्ते दिसत नाहीत. इथे आईवडिलांनी एक साधी गोष्ट केली. स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, की हृदयाच्या ऑपरेशनची गरज असलेलं आणखी कुणी मूल आहे का? पैसे आहेत.

तेहतीस मुलं निघाली.

तेहतीस मुलांचे आईबाप एका जाहिरातीला उत्तर देतात, याचा अर्थ ते सगळे आधीपासून कुठेतरी वाट बघत बसलेले होते. त्यांची मोजदाद करणारं कुणी नव्हतं, इतकंच.

असे आईबाप येतात कुठून? इंदूर हे गाव तसं धार आणि देवास यांच्या मधोमध. पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर धार, ईशान्येला चाळीसच्या आत देवास. माळव्यातल्या आम्हा मराठी माणसांना ही तिन्ही गावं एका दमात घ्यायची सवय आहे: धार आणि देवास पवारांचं, इंदूर होळकरांचं, त्यातही देवासच्या थोरल्या पातीचं नि धाकट्या पातीचं वेगळं. संस्थानं गेली, नाती राहिली, आणि आजारपणात मात्र सगळ्यांनी इंदूर गाठायचं हा रिवाज पक्का झाला. धारचा माणूस गंगवाल बसस्टँडवर उतरतो. धार म्हणजे नुसतं भोजशाळा आणि किल्ला असलेलं शहर नव्हे. दक्षिणेला कुक्षी, मनावर, गंधवानी हे भिल्ल-भिलाल्यांचे तालुके आहेत, आणि कुक्षीकडून निघालेल्या बापाला इंदूर दीडेकशे किलोमीटर पडतं. देवासचंही तसंच. शहरात नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, आणि खाली बागली, उदयनगरच्या बाजूला नोटांचं दर्शन मजुरीच्या दिवशीच होतं. या दोन जिल्ह्यांतल्या मुलाच्या छातीत डॉक्टरला काही वेगळा आवाज ऐकू आला, की चिठ्ठीवर एकच शब्द पडतो: इंदूर.

गाणाऱ्या मुलीकडे परत येतो. पलक मुच्छलचा जन्म इंदूरचा, ३० मार्च १९९२चा. त्याच वर्षी जानेवारीत शेजारच्या देवासला कुमार गंधर्व गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माळव्यात राहणाऱ्याला तारखा अशा जोडून आठवतात. घर मारवाडी माहेश्वरी, वडील खासगी कंपनीत नोकरीला, आई घर सांभाळणारी. चार वर्षांची असताना ती कल्याणजी-आनंदजींच्या ‘लिटल स्टार’ या बालगायकांच्या गटात होती. १९९९ मध्ये कारगिलची लढाई चालू असताना सात वर्षांची ही मुलगी आठवडाभर इंदूरच्या दुकानादुकानांतून गात फिरली आणि हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठी २५ हजार जमवले. त्याच वर्षी ओरिसात चक्रीवादळ झालं, तेव्हा पुन्हा गायली. रेल्वेच्या डब्यात अंगातले कपडे काढून त्यांनीच फरशी पुसणारी मुलं तिने पाहिली आणि ते तिच्या मनात राहून गेलं, असं ती सांगत आली आहे. म्हणजे शिक्षक दाराशी आले तेव्हा घराला सवय झालेली होती.

तेहतीस मुलांची यादी आल्यावर २००० सालीच एकामागून एक कार्यक्रम झाले. सव्वादोन लाख रुपये उभे राहिले. त्यांतून मध्य प्रदेशातल्या पाच मुलांची ऑपरेशनं बंगळूर आणि इंदूर इथे झाली. यादीतली अठ्ठावीस शिल्लक. संस्थेची प्रतीक्षायादी तिथे सुरू झाली आणि ती आजतागायत कोरी झालेली नाही.

ही यादी म्हणजे काय चीज आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. नातेवाइकाच्या निमित्तानं इंदूरच्या एका रुग्णालयात इको-कक्षाबाहेर मी एक पूर्ण दुपार काढली आहे. बाकावर पलीकडे एक बाई, हातात पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. तिचा पाचेक वर्षांचा मुलगा कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या नळापर्यंत पळत गेला, परत निघाला आणि अर्ध्या वाटेत उकिडवा बसला. गुडघे छातीशी, मान खाली. ओठ जांभळट, नखंही. मी दचकून उठलो. आई जागची हलली नाही. मिनिटभरानं तो आपला आपण उठला आणि चालत येऊन तिच्या मांडीला टेकला. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. बस्स.

असं उकिडवं बसायला त्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्यासारख्या मुलांच्या रोगात हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त फुफ्फुसात जाण्याऐवजी भोकातून आडवाटेनं थेट अंगभर निघतं आणि मूल निळं पडतं. उकिडवं बसलं, की मांड्यांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडच्या बाजूचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त नाइलाजानं फुफ्फुसाच्या अरुंद वाटेकडे वळतं. डॉक्टरांना हे शिकायला वर्षं लागतात. मूल तीन वर्षांचं होण्याआधी शोधून काढतं.

सगळीच मुलं अशी निळी पडत नाहीत. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. काही भोकं आपोआप बुजतात, काही इतकी बारीक असतात की आयुष्यभर कळत नाहीत. काही मात्र मोठी असतात, आणि त्यांच्याबाबतीत एक अट आहे, जी देणगीदारांना फारशी कुणी सांगत नाही. मोठ्या भोकातून जादा रक्त सतत फुफ्फुसात ढकललं गेलं, की काही वर्षांत फुफ्फुसातल्या वाहिन्या जाड आणि कडक होतात, दाब उलटतो, आणि मग भोक बुजवणं हेच जिवावर बेतणारं ठरतं. आयझेनमेंगर नावाच्या डॉक्टरानं १८९७ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. वर्षाच्या आत केलं असतं तर सोपं असलेलं ऑपरेशन बाराव्या वर्षी सर्जन नाकारतो. पैसे हातात असले तरी नाकारतो.

म्हणून या धर्मादायाचं गणित अन्नछत्राच्या गणितासारखं नाही. अहिल्याबाईंच्या मुलखात राहून दानाबद्दल बोलायचं म्हणजे घाट, बारव, धर्मशाळा आठवणारच. त्या गोष्टी आज बांधा, उद्या बांधा, यात्रेकरू येतच राहतो. इथे उशिरा आलेलं दान दान उरत नाही. दुसरं असं, की घाटावर नाव कोरता येतं. हृदयातल्या भोकावर ठिगळ लावलं की त्यावर कोनशिला बसत नाही. पलकच्या आईवडिलांनी यावर एक घरगुती तोडगा काढला: वाचलेल्या प्रत्येक मुलामागे तिला एक बाहुली द्यायची. लहान मुलीला बक्षीस म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे तिच्या हिशेबाची वही झाली.

आता वळतो त्या भागाकडे, ज्यावर मासिकांतल्या कौतुकाच्या लेखांत दोन ओळीही येत नाहीत: उधारी. सव्वादोन लाखांत पाच मुलं कशी बसली? इंदूरच्या चोइथराम रुग्णालयानं पलकच्या मुलांसाठी ऑपरेशनचा दर निम्मा केला, ८० हजारांचे ४० हजार. तिथल्या एका सर्जननं स्वतःची फी सोडली. हे रुग्णालयही मूळचं एका सिंधी व्यापाऱ्याच्या ट्रस्टचं, १९७९चं. म्हणजे एका जुन्या दानावर नवं दान उभं राहिलं. पुढे २००६ पासून इंदूरच्याच भंडारी रुग्णालयानं संस्थेला दहा लाखांपर्यंतची मुभा दिली: कार्यक्रम व्हायचा असो, पैसे यायचे असोत, मूल आधी टेबलावर घ्या, हिशेब मागून. वाण्याच्या दुकानातल्या वहीसारखंच हे खातं, फक्त त्यात तेल-साखरेऐवजी झडपा आणि ठिगळं लिहिलेली.

माझ्या मते संस्थेला संस्थापण या वहीनं दिलं. गाणं शनिवारी असतं आणि मुलाचा श्वास मंगळवारी अडकतो. मधले चार दिवस कुणीतरी अंगावर घ्यावे लागतात. ज्यानं ते घेतले त्याचं नाव पोस्टरवर नसतं. आपल्याकडे धर्मादाय संस्थांचे इतिहास देणगीदारांच्या याद्यांनी भरलेले असतात. उधारी देणाऱ्यांची यादी कुणी छापल्याचं मी पाहिलेलं नाही.

कार्यक्रमांना नाव मिळालं, ‘दिल से दिल तक’. एकेका कार्यक्रमात चाळीसच्या आसपास गाणी, निम्मी हिंदी सिनेमाची. धाकटा भाऊ पलाशही स्टेजवर यायला लागला. मराठी धरून सतरा भाषांत ती गाते. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांचा हिरवा झगा घालून ती थिएटरात उभी राहायची आणि प्रार्थना म्हणायची. खरं सांगायचं तर हे वाचून मला पहिल्यांदा जरा कसंसं झालं होतं; मुलीला एवढ्या लहान वयात उघडी छाती कशाला दाखवायची? पण मग वाटलं, ज्यांच्यासाठी आपण पैसे मागतो त्यांच्या टेबलाजवळ किती विश्वस्त उभे राहिलेले असतात?

जुलै २००३ मध्ये दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली आणि तिच्यातून हृदयाला भोक असलेली एक चिमुरडी पाकिस्तानातून बंगळूरला ऑपरेशनसाठी आली. साऱ्या देशाचं लक्ष तिच्याकडे होतं. अकरा वर्षांच्या पलकनं तिच्या खर्चासाठी मदत देऊ केली. इंदूरच्या एका मध्यमवर्गीय घरातून लाहोरच्या मुलीसाठी पैसे निघतात, हे त्या वर्षीच्या हवेत लहान नव्हतं. कारगिल होऊन चारच वर्षं झाली होती, आणि याच मुलीनं तेव्हा जवानांसाठी झोळी फिरवली होती.

पुढचा टप्पा मुंबईचा. ‘एक था टायगर’ २०१२ मध्ये, ‘आशिकी २’ त्याच्या पुढच्या वर्षी, आणि मग ती पार्श्वगायिका म्हणून ओळखीची झाली. यात संस्थेच्या दृष्टीनं लक्षात घेण्याजोगी गोष्ट एकच. आधी तीन तास गाऊन कसेबसे एका मुलापुरते पैसे जमायचे. गाणी गाजल्यावर मानधन वाढलं आणि एका कार्यक्रमात तेरा-चौदा मुलांची सोय व्हायला लागली. गळा तोच, चाळीस गाणी तीच. बाजारानं भाव वाढवला आणि वाढलेला भाव तिनं त्याच वहीत जमा केला. जून २०२४ मध्ये इंदूरच्याच एका आठ वर्षांच्या मुलाच्या ऑपरेशननंतर तिनं आकडा जाहीर केला: तीन हजार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, लहान मुलांच्या हृदयाचं, जिथे बिलाची खिडकीच नाही. सुनील गावसकरांनी २०२० मध्ये एकाहत्तराव्या वाढदिवसाला तिथल्या पस्तीस मुलांच्या ऑपरेशनांचा खर्च उचलला, कारण त्यांची आंतरराष्ट्रीय शतकं पस्तीस, कसोटीतली चौतीस आणि एकदिवसीय सामन्यातलं एकुलतं एक. एकीच्या हिशेबात बाहुल्या, दुसऱ्याच्या शतकं. लहान मुलाचं हृदय हे दान मागायला सोपं प्रकरण आहे, हे यातून दिसतं. रक्कम ठरलेली, चेहरा समोर, निकाल आठवड्यात. चार दिवसांपूर्वी निळं असलेलं मूल गुलाबी होऊन वॉर्डात पळतं. यापेक्षा चांगली पावती कुठला ट्रस्ट देऊ शकेल?

आणि इथेच माझी एक तक्रार आहे. संस्थेबद्दल नाही, आपणा देणाऱ्यांबद्दल.

हृदयरोगाची दुसरी एक जात आहे, जी जन्मतः नसते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत बरा होतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असेल तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, तेही उतरतात, आणि कुणाला काही कळण्याआधी हृदयाच्या झडपा आतून आखडायला लागतात. पंचविशीत, बहुधा पहिल्या बाळंतपणात, बाईला दम लागतो आणि मग चिठ्ठीवर पुन्हा तोच शब्द: इंदूर. दाटीवाटीच्या घरांचा, कोंदट खोल्यांचा, डॉक्टरपासून लांब राहणाऱ्यांचा हा रोग. एकदा सांध्यांचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देत राहिलं, तर झडपा पुढे बिघडण्यापासून बऱ्याच वाचतात. औषध अगदी स्वस्त. दुखतं फार, एवढीच तक्रार.

त्या इंजेक्शनसाठी कुणी गाडीवर उभं राहून गात नाही. कसं गाणार? वर्षातून सतरा-अठरा सुया, दहा वर्षं. शेवटी काय मिळणार, तर काही न झालेलं मूल. न झालेल्या रोगाचा फोटो काढता येत नाही आणि न केलेल्या ऑपरेशनची बाहुली मिळत नाही. एका मुलीच्या गळ्यावर तीन हजार हृदयं दुरुस्त झाली, आणि त्याच माळव्यात साध्या घसादुखीपायी दुसरी हृदयं बिघडत राहतात. गळ्याचे हे दोन हिशेब एका पानावर लिहिलेले मला कुठे सापडले नाहीत.

संशोधनाला देण्याचं तर विचारूच नका. देवासच्या टेकडीखाली ‘भानुकुल’ आहे, कुमार गंधर्वांचं घर. १९४८ मध्ये ते क्षय घेऊन देवासला आले ते कोरड्या हवेसाठी. वर्षानुवर्षं गाणं बंद होतं. त्यांना पुन्हा गाता आलं याचं श्रेय आपण माळव्याच्या हवेला देतो, लोकगीतांना देतो, पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेला देतो, आणि ते द्यायलाच हवं. पण त्यात एक मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिनचा होता. अमेरिकेतल्या रट्गर्समध्ये मातीतल्या जंतूंवर काम करणाऱ्या शाट्झ आणि वॅक्समन यांना ते औषध १९४३ मध्ये सापडलं. त्या प्रयोगशाळेला देवासच्या कुणी पै दिलेली नव्हती, आणि तरी तिचं फळ मिळालेल्या भारतीय गळ्यांत देवासचा एक गळा होता. हृदयाचंही तेच. निळ्या मुलांसाठीचं पहिलं ऑपरेशन बाल्टिमोरला नोव्हेंबर १९४४ मध्ये झालं, हृदय थांबवून रक्त बाहेरून फिरवणारं यंत्र फिलाडेल्फियात मे १९५३ मध्ये पहिल्यांदा यशस्वी झालं. इंदूरच्या थिएटरात आज जे टेबल लागतं त्याचं भाडं कुणीतरी दुसऱ्यानं आधीच भरून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे असं देणारे झालेच नाहीत असं नाही. मुंबईत सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या वारसांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे दिले ते अट घालून: शिकवणारे सगळे पात्र भारतीय असले पाहिजेत. १९२६ मध्ये ते महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं, केपटाउनच्या बर्नार्डनं केलेल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. अटीसह दिलेल्या एका देणगीची मजल कुठवर जाते याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

त्रावणकोरच्या राजघराण्यानं तिरुवनंतपुरमला रुग्णालयासाठी इमारत दिली, त्यातून श्री चित्रा संस्था झाली. तिथे डॉ. वलियाथन यांनी देशी कृत्रिम झडप बनवायला घेतली. पहिली प्रारूपं एकामागून एक फसली. मेंढ्यांवर प्रयोग, पुन्हा मोडतोड, पुन्हा नवी धातूची चौकट. अखेर ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. परदेशी झडपेच्या किमतीच्या एका हिश्श्यात ती मिळते आणि आतापर्यंत लाखाहून अधिक लोकांच्या छातीत टिकटिकते आहे. घसादुखीतून झडप बिघडलेल्या कितीक बायांना तीच बसते. फसलेल्या प्रारूपांसाठी देणगी कुणी मागितली असती, तर आपण दिली असती का? मी दिली नसती, हे मला माहीत आहे.

मधल्या काळात सरकारही यात उतरलं. मध्य प्रदेशानं २०११च्या सुमारास मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आणली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि अंगणवाडीत, शाळेत फिरती पथकं मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला लागली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानं आलं, आणि धार जिल्ह्यातच पीथमपूरचे कारखाने आहेत. मग गाण्याची गरज संपायला हवी होती.

संपली नाही. जून २०२४ मध्ये तीन हजारांचा आकडा सांगताना पलकनं आणखी एक आकडा सांगितला होता. यादीत अजून ४१३ मुलं आहेत.

आधी मला हा विरोधाभास वाटला. एवढं करून यादी तेहतिसावरून चारशेवर कशी जाते? पण यादी आजाऱ्यांची नाही, सापडलेल्यांची असते. २००० साली वर्तमानपत्र वाचता येणारे, किंवा वाचून सांगणारा शेजारी असलेले आईबाप यादीत आले. आज अंगणवाडीताई सांगते, मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ दाखवतो, जिल्ह्याच्या गावी इको होतो. योजनेत न बसणारं एखादं गुंतागुंतीचं ऑपरेशन निघतं, कागदावर नाव एक नि आधारवर दुसरं निघतं, मंजुरी येईपर्यंत महिना जातो, किंवा ऑपरेशनचे पैसे मिळतात आणि इंदूरमध्ये पंधरा दिवस राहायचे मिळत नाहीत. शेवटची अडचण मला सर्वात खरी वाटते. बाप मजुरी सोडून आला, आई धाकट्याला कडेवर घेऊन आली, रात्री झोपायचं कुठे? चादर घेऊन जिन्याखाली. ऑपरेशनला पैसे देणारे शंभर भेटतात, जिन्याखालच्या चादरीला देणारा शोधावा लागतो.

शिवाय ही संस्था एका गळ्यावर उभी आहे. गळा म्हटला की सर्दी आली, वय आलं, बाजाराची मर्जी आली. भांडवल म्हणून ठेव ठेवावी, तिच्या व्याजावर दरवर्षी इतकी मुलं, असं कुणीही हिशेबी माणूस सुचवेल. पण ४१३ आईबापांसमोर बसून कोण म्हणणार, की तुमच्या मुलाचे पैसे आम्ही ठेवीत टाकतोय?

त्या दुपारी इको-कक्षातून नाव पुकारलं गेलं. बाई उठली, कागदांची पिशवी दातांत धरली, दोन्ही हातांनी मुलाला उचललं. पाच वर्षांचं मूल, पण वजनाला तीन वर्षांचं असावं. कागद घेऊन आत गेली, वीसेक मिनिटांनी बाहेर आली आणि मलाच विचारलं, धारची शेवटची बस किती वाजता? मला माहीत नव्हतं. दारावरच्या चौकीदारानं सांगितलं, गंगवालवरून मिळेल, पण आता निघा. ती निघाली. मुलगा चालायला मागत होता. दारापर्यंत तिनं त्याला चालू दिलं, मग पुन्हा उचललं.